दुधातलं शून्य

१२ जानेवारी

थोरले,

आशीर्वाद शेवटी देईन, द्यावेसे वाटले तर. आधी भांडून घेते.

तू मावशी झालीस हे तुला ठाऊक आहे. धाकटी तुला रोज फोटो पाठवते, माझ्यापासून लपवून, आणि मीही काही न कळल्यासारखं करते. पण फोटोत काय दिसणार कपाळ? पोर आज बावीस दिवसांची झाली. नाव अजून ठरत नाही. तिचा बाप रोज एक नवीन नाव आणतो आणि धाकटी रोज ते खोडते. तोवर आम्ही तिला भोंगा म्हणतो. भूक लागली की आमच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा वाजावा तशी सुरू होते, थांबायचं नाव नाही. कान अगदी तुझे, डोक्याला चिकटलेले. नाक मात्र कुणाचंच नाही, स्वतःचं घेऊन आली. शिंकली की स्वतःच दचकते आणि आपल्याकडे अशी बघते, जसं काही आपणच शिंकलो. मी दिवसभर तिची शिंक ऐकायला बसून असते, घरातली कामं पडतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

हे सगळं तुला आनंदानं लिहायचं होतं. चौथी शिकलेली बाई मी, चार दिवस मनात वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात तुझा तो तक्ता आला.

तुला आठवण करून देते, कारण तुम्हा शिकलेल्यांना एकदा पाठवून झालं की आठवत नाही. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी तुझ्या लॅबमधून खोकं आलं. जगभरच्या आयांच्या दुधातल्या साखरा तू मोजतेस म्हणे, त्यात बहिणीचंही हवं. आत प्लास्टिकची नळी, टोपण, चिठ्ठ्या. आपल्या जावईबापूंचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, त्यांना कुठल्याही खोक्यावरच्या सूचना वाचायची भारी हौस. त्यांनी तीनदा मोठ्यानं वाचल्या, तेव्हा कुठे नळी भरली. कुरिअरवाला धूर निघणारा बर्फ घेऊन आला तर शेजारीण बघायला धावली, तिला वाटलं काही पेटलं. धाकटी किती फुशारली होती! "ताईच्या अभ्यासात माझं दूध," दिवसभर तेच.

आणि परवा फोनवर तुझं उत्तर. उभे रकाने, आडवे रकाने, मुंगीएवढे आकडे, आणि मधल्या एका ओळीत शून्य. खाली तू लिहिलंस, "तुझा रिपोर्ट. इंटरेस्टिंग!"

बस, एवढंच?

मी जावईबापूंना विचारलं, इंटरेस्टिंग म्हणजे काय हो? म्हणाले, लक्ष वेधून घेणारं. वेधलं हो, सगळ्या घराचं लक्ष वेधलं! जिचं नाव जावयालाही धड वाचता येईना अशी कुठलीशी साखर, ती माझ्या लेकीच्या दुधात नाही. धाकटी तासभर त्या शून्याकडे बघत बसली. पोर रडायला लागली तर हिनं तिला जवळच घेतलं नाही. म्हणाली, "इतके दिवस मी तिला पाणीच पाजलं, आई." दुपारी नवऱ्याला पिटाळून पावडरीचा डबा आणवला. तेव्हापासून पोर बाटलीवर आहे. हिची छाती दगडासारखी झालीय, अंगात कणकण, आणि मोरीत उभी राहून दूध पिळून टाकते. मला ते बघवत नाही. का ते विचारू नकोस.

आमच्या कारखान्यात शर्ट तपासणारी बाई होती. शर्टात जिथे चूक असेल तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची. कुठे टाका सुटला, कुठे काज तिरकं गेलं. बाण म्हणजे फक्त 'इथे बघा'. पण नवीन पोरी बाण दिसला की अख्खा शर्ट चिंध्यांच्या पेटीत टाकायच्या. म्हणून ती काय करायची, बाण लावला की जागेवरून उठायची, शर्ट त्या पोरीच्या हातात द्यायची आणि तोंडानं सांगायची, "एवढंच बघ गं, बाकी शर्ट झकास आहे." ती आठवी नापास होती. तुला एवढंही सुचू नये?

वर धाकटी मला म्हणते, "तुलाही ताईच्या वेळी दूध आलंच नव्हतं ना? घरातच खोट आहे आपल्या."

गॅसवर चहा होता, तो बघायला गेले.

एवढ्याशा गोष्टीवरून तीन वर्षं तू माझ्याशी अबोला धरलायस, तो धर. पण बहिणीला फोन कर. ती तुझंच ऐकते. आशीर्वाद सध्या माझ्यापाशीच ठेवते.

आई

२० जानेवारी

थोरले,

तुझा फोन आला नाही. फोटो मागितलास म्हणे. फोटो मागायला वेळ आहे.

हे हॉस्पिटलातून लिहितेय, जावईबापूंच्या कामाच्या वहीतलं पान फाडून. मागे कुठल्यातरी लिफ्टच्या तारेचं माप आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

भोंग्याला जुलाब लागले. आधी आम्हाला वाटलं होईल बरं, पोरांना होतं. दोन दिवसांत दुपट्यांचा ढीग झाला. काल सकाळी मी तिला उचललं तर अंगात जीवच नाही, कापडाची घडी उचलावी तशी हातात आली. डोळे आत गेलेले. आणि रडेना. थोरले, तिच्या ओरडण्याला मी काय काय नावं ठेवली होती, आणि काल रिक्षात मी तिच्या तोंडाशी कान लावून म्हणत होते, वाज गं, वाज.

सलाईन लावलंय. आज थोडी रडली. आम्ही तिघंही एकदम उठून उभे राहिलो.

बाळांच्या डॉक्टरीणबाई आहेत, ठेंगण्या, आवाज पोलिसासारखा. आल्या आल्या म्हणाल्या, बाटली दाखवा. बुचाखालची कडी फिरवून त्यांनी काढली, तर आत पिवळट थर. "कोण धुतं?" मी म्हटलं, मी. गरम पाण्यानं धुवायची, ब्रशनं घासायची. पण ती कडी निघते हेच मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं काजं-बटणं केली मी, कुठली वस्तू कुठे उघडते हे मला कुणी शिकवावं लागत नाही, आणि नेमकी हीच राहिली. सगळं तुझ्या माथी मारायचं ठरवून आले होते, ते काही जमलं नाही. म्हणून राग दुप्पट झालाय.

बाई म्हणाल्या, डबा वाईट नाही, गरज पडली तर द्यावाच लागतो. पण दूध असताना का? धाकटीनं फोन पुढे केला आणि शून्य दाखवलं. बाईंनी चष्मा वर केला, तक्ता बघितला, आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढचं मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर हस.

आईच्या दुधात म्हणे साध्या साखरेशिवाय गुंतागुंतीच्या साखरा असतात, दीडशेच्या वर जाती. गंमत म्हणजे त्या बाळाला पचतच नाहीत! मी म्हटलं, मग कशाला असतात? तर त्या बाळासाठी नाहीतच. बाळाच्या आतड्यात चांगले जंतू राहतात, त्यांचं ते जेवण. म्हणजे बघ, आई पाजते पोरीला आणि पंगत उठते जंतूंची. ते जंतू खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाले की वाईट जंतूंना जागा देत नाहीत. दुसरं काम ऐकून तर मी उडालेच. वाईट जंतूला आतड्याला चिकटायला जागा लागते, बटणाला काज लागतं तशी. या साखरांतल्या काही त्या काजासारख्याच दिसतात. जंतू फसतो, त्या खोट्या काजात अडकतो आणि दुपट्यात बाहेर पडतो. म्हटलं बाई, असली कारागिरी आमच्या कारखान्यात कुणाला जमली नसती, आणि इथे आईचं अंग ती झोपेतसुद्धा करतं!

आणि शून्य? बाई म्हणाल्या, दीडशेतली एक मोठी जात, आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या काही. पाचातल्या एखाद्या बाईच्या दुधात ती नसते, जन्मापासूनच तशी घडण. बाकीच्या साखरा असतात, त्यांतल्या काही तर जास्तच. अशा आयांची पोरं जगभर खेळतायत. बाकी शर्ट झकास, हेच त्या म्हणाल्या, फक्त शर्टाचं नाव न घेता.

मला पटलं. धाकटीला नाही. म्हणाली, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. ताई या विषयातली आहे. चांगलं असतं तर तिनं लिहिलं असतं."

ऐकलंस? समोर बसलेली डॉक्टर खोटी, आणि तिकडे बसलेली तू खरी. तिनं पाजायचं थांबवून आज दहा दिवस झाले. दूध आटत चाललंय. बाई म्हणाल्या, अजून परत येईल, पण वाट बघत बसू नका. तेव्हा अभ्यास बाजूला ठेव आणि तोंडानं बोल.

आई

२७ जानेवारी

थोरले,

तुझा भला थोरला मेसेज आला. जावईबापूंनी आम्हाला वाचून दाखवला, एकदा तुझ्या भाषेत आणि एकदा आमच्या. तू चूक काही लिहिलं नाहीस. डॉक्टरीणबाई बोलल्या तेच आहे. पण त्यात 'कदाचित' सहा वेळा आहे, मी बोटांवर मोजलं. 'बाळावर कदाचित फारसा परिणाम होत नसावा.' नसावा! आजारातून उठलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कुणी 'नसावा' म्हणतं? धाकटी प्रत्येक 'कदाचित'ला रडली. खरं बोलायचं म्हणून तुम्ही लोक तसं बोलता, हे मला कळतं. पण बहिणीशी बोलताना अंगातला कोट काढून ठेवता येत नाही का?

आणि शेवटी काय लिहिलंस? "आईलाही माझ्या वेळी दूध नव्हतं. याचा काही संबंध आहे का बघायला हवं. आईची लाळ पाठवाल का, नळी पाठवते."

तीन वर्षं माझं तोंड बघितलं नाहीस आणि आता तोंडातली लाळ हवी!

मी फार चिडले. जावयांसमोर नको ते बोलले. ते बिचारे लिफ्ट अडकल्याचं सांगून घराबाहेर पडले. आणि धाकटी शांतपणे म्हणाली, "बघ, ताईलाही तेच वाटतं. आपल्या रक्तातच आहे. मी आता पाजायचा विचार सोडला, आई. विषय बंद."

मग मला बोलावंच लागलं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. तिला सांगायच्या आधी तुला सांगायला हवं होतं, तो मान तुझा होता.

मला दूध होतं.

तू चाळीस दिवसांची होतीस. तुझे बाबा पाय मोडून खाटेवर. कारखान्यातून निरोप आला, सोमवारी ये, नाहीतर तुझ्या मशीनवर दुसरी बसेल. तुला आणि पावडरीच्या डब्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी गेले. पहिल्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, माझी छाती भरून आली आणि समोरच्या पांढऱ्या शर्टावर गळलं. सुपरवायझरनं तो शर्ट उचलला आणि सगळ्या रांगेला दिसेल असा उंच धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. बायकाही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी दहाला आणि दोनला संडासाबाहेरच्या बेसिनपाशी जायची, नळ सोडायची, आणि पिळायची. तू इकडे डबा प्यायचीस, आणि तुझं दूध तिकडे नळाच्या पाण्याबरोबर जायचं.

पाच वर्षांनी धाकटी झाली तेव्हा बाबा पुन्हा कामावर होते आणि मी घरी. तिला पाजत होते आणि तू दारात येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "मला पण असंच घ्यायचीस?" मी म्हटलं, "तुझ्या वेळी आलंच नाही गं बाई." पाच वर्षांच्या पोरीला बेसिन कसं सांगायचं? एवढंसं खोटं, मला वाटलं तू विसरशील. तू कसली विसरतेस! शाळेच्या निबंधात लिहिलंस. मोठी होऊन त्यावरच शिकलीस. आणि धाकटीच्या लग्नात तिच्या सासरच्या बायकांना अभिमानानं सांगितलंस, "माझ्या आईला दूध नव्हतं, म्हणून मी दुधावर काम करते." सगळ्या माझ्याकडे कणवेनं बघायला लागल्या. एकीनं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि भर मांडवात मी तुझ्या थोबाडीत मारली.

पहिल्या पत्रात मी 'एवढीशी गोष्ट' लिहिलं, ती ही. का मारलं ते तुला कळलं नाही. कळणार कसं? तू तर माझी बाजूच घेत होतीस.

धाकटी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे होतं?"

"होतं."

"आणि तू टाकलंस?"

"टाकलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की सुपरवायझर परवडला. माझ्या मांडीवरून पोर ओढून घेतली, माझ्याकडे पाठ केली आणि ब्लाऊजची बटणं काढली. "मी नाही टाकणार," म्हणाली.

पोर काही लगेच प्यायली नाही. बाटलीची सवय, हिनं तोंडाला लावलं की मान वळवायची, पाय झाडायची, भोंगा पूर्ण जोरात. धाकटीही रडत होती, दोघींचा नुसता कल्ला. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू लांब राहा." चौथ्यांदा की पाचव्यांदा पोरीनं धरलं. अर्धं मिनिट असेल. पण धरलं. दूध कमी झालंय, वर वाटीनं पावडर द्यावी लागते, आणि डॉक्टरीणबाईंनी दर दोन तासांनी लावायला सांगितलंय.

तुझ्या तक्त्यात माझ्या नावापुढे काय लिहायचं ते तू बघ. दूध नव्हतं असं मात्र लिहू नकोस.

आई

९ फेब्रुवारी

थोरले,

भोंग्याचं वजन वाढलं. काट्यावर ठेवली तर काट्यावरच ओली केली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या याचं वजन धरू नका. गालाला आता चिमटा घेता येतो. वाटीतलं दूध रोज थोडं कमी करतोय, कालपासून दिवसातून एकदाच लागतं. प्यायला लागली की एक हात वर धरून मूठ उघडते, मिटते, उघडते, मिटते. मी दारातून बघते. आत जायला मला मनाई आहे.

धाकटी माझ्याशी बोलत नाही. तेरा दिवस झाले. जेवण वाढते, पाणी ठेवते, पण शब्द नाही. तुमच्या दोघींत हा गुण कुठून आला ते मी विचारणार नाही. जावईबापू मधे टपाल्याचं काम करतात, "त्या म्हणतायत दुपटी वाळली का," "आई म्हणतायत वाळली." मला त्यांची दया येते. पण मी हट्टानं राहिलेय. दुपटी मी धुते, वाटी-चमचा मी उकळते, आणि हल्ली कुठलीही वस्तू दिसली की आधी ती कुठे कुठे उघडते ते बघते.

तू धाकटीला फोन केलास, तासभर बोललीस. काय बोललीस ते मला कुणी सांगितलं नाही. भिंतीआडून एवढंच ऐकू आलं की या वेळी तिला हसू येत होतं. बरं केलंस. उशीर केलास, पण केलंस.

माझ्यासाठी तू एकच प्रश्न ठेवलास, तो जावयांनी कागदावर लिहून आणून दिला. त्यांना तोंडानं विचारवेना. "किती दिवस पिळलंस?"

मला वाटलं होतं तू विचारशील का पिळलंस. त्याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं, बाबांचा पाय, मशीन, सुपरवायझर, सगळ्यांवर घालायला शिव्याही तयार होत्या. पण तू मोजणारी बाई. तू बरोबर जागी बोट ठेवलंस.

एकोणीस दिवस. रात्री उशिरा घरी यायची तोवर तू डबा पिऊन झोपलेली असायचीस. रविवारी तेवढी पाजायची, पण रविवार आठवड्यातून एकच, आणि दर रविवारी तू कमी प्यायचीस, कारण कमीच यायचं. विसाव्या दिवशी दहा वाजून गेले आणि काही झालं नाही. अकरा वाजले, दोन वाजले. ब्लाऊज कोरडा. त्या दिवशी माझ्या हातून एकही शर्ट खराब झाला नाही. सुपरवायझर म्हणाला, "आता कसं!" आणि मला, थोरले, मला बरं वाटलं. हलकं वाटलं. घरी येताना तुझ्यासाठी लाल खुळखुळा घेतला.

हे मी धाकटीला सांगितलेलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं. यावर मला रागाव, हवं तितकं रागाव, मीसुद्धा स्वतःवर इतकी वर्षं तेच करतेय आणि ते उगाच तुझ्यावर काढतेय. माफी कागदावर मागणार नाही, कागद तुला घडी घालून ठेवता येतो. समोर ये, मग बघू.

पुढे लिहिणार होते, पण पोर उठलीय. आतून धाकटी ओरडतेय, "दुपटं द्या कुणीतरी, कुणी आहे का घरात?"

आई म्हणत नाही अजून. पण जावई कामावर गेलेत, घरात मी एकटीच आहे. जाते.